सहावा

गंटर्सव्हिलला, तळ्याच्या काठी, पहाटे साडेचारला
ओपल टिडवेलच्या दुकानात दोनच गोष्टी गरम असतात:
कॉफी आणि ओपल.

मी काउंटरवर ठेवलं गेल्या वर्षीसारखंच पाकीट.
सहा रंगांचे फ्लोट, सहा दोऱ्या,
दोरीच्या टोकाला पिन,
माशाच्या खालच्या जबड्यातल्या पातळ पडद्यातून
आरपार जाणारी.
सात डॉलर.
ओपलनं पाकीट उचललं, पालथं घातलं.
"हे भोक आधी स्वतःच्या ओठाला पाडून बघ," म्हणाली,
"मग तळ्यावर जा."

आमच्याकडे म्हणतात, कान सोनारानंच टोचावेत.
ओपलनं माझे टोचले
सुईला हात न लावता.

मग खालच्या खणातून तिनं काढल्या क्लिपा.
रबर चढवलेले दोन चिमुकले ओठ, मधे स्प्रिंग.
फार घट्ट घेऊ नकोस, जबडा चेपतो.
फार सैल घेऊ नकोस, टाकीत निसटली
की कोणता मासा किती वजनाचा, बस शोधत.
दोरी आखूड हवी, गुंता होत नाही.
आकडा एवढा मोठा हवा
की तुझ्या वयाच्या माणसाला चष्म्याविना दिसेल.
हे सगळं बोलताना एक क्लिप तिनं
आपल्याच कानाच्या पाळीला लावून टाकली,
आणि पिवळा तीन नंबर डुलासारखा हलवत
पुढच्या गिऱ्हाइकाची चिल्लर मोजू लागली.

बावीस डॉलर.
मी कुरकुरलो. मग दिले.

कारण गेल्या ऑगस्टात माझ्या पिशवीतून
एक निघाला पांढरं पोट वर करून.
तराजूवाल्यानं चार औंस कापले.
चार औंसांचं वाईट तिथल्या तिथे वाटलं.
माशाचं, खरं सांगतो,
तीन दिवसांनी वाटलं, ऑफिसात, लिफ्टमध्ये.

बोट क्लेटनची. ओपलचा भाचा, विटांची कामं करतो.
नियम सोपा: बोटीच्या टाकीत पाच.
सहावा लागला तर सगळ्यात हलका
परत पाण्यात.

"या माशाला तुम्ही म्हणता बास," मी त्याला सांगितलं,
"माझ्या भाषेत बास म्हणजे पुरे."
तो हसला नाही. गळ लांब फेकला.
म्हणाला, "पुरे कसं? साडेअकराच तर वाजलेत."

आणि लागला की सहावा.
पाणवेलीच्या जाळीतून
असा उसळून आला की माझी टोपी गेली.

टाकीत लाल, पांढरा, पिवळा निवांत जड.
वाद फक्त हिरव्या आणि निळ्याचा.
डोळ्यांना दोघे जुळे.
क्लेटननं दांडी धरली,
मी हात ओले केले, कोरड्या हातानं त्यांची साय निघते,
आणि एका टोकाला हिरवा, एका टोकाला निळा.
दोघेही कल्ले हलवत
आपल्याविषयी काय ठरतंय ते न बघता.

हिरवा वर गेला.
या तराजूत वर जाणारा हरतो,
आणि हरलेला घरी जातो.

क्लिप काढायला मी त्याचा जबडा दाबला,
तर आत एक भोक.
जुनं. गोल. कडा पांढऱ्या पडून बसलेल्या.
कुणाच्या तरी सात डॉलरचं.

तळं साठ-सत्तर हजार एकरांचं. माझं असण्याची
शक्यता जवळजवळ नाही.
हे मी दोनदा मनाशी म्हणालो,
तोवर क्लेटन ओरडला, अरे सोड त्याला, श्वास घेऊ दे.

सोडला.
बोटीच्या सावलीत क्षणभर उभा राहिला
जसं काही विसरलंय,
मग शेपटीच्या एका फटक्यात हिरव्यात हिरवा.

क्लिप कधी माझ्या बोटाला लागली कळलं नाही.
चार नंबर. लोंबत होती.
दुखत नव्हतं अजिबात.
सोडतही नव्हती.