भेट क्रमांक नऊ

फॉर्मवर नाव नसतं. शून्य एक सात, आणि दोन आद्याक्षरं.
नाव मला माहीत आहे: बोस्त्यांव रिबेलो,
राहणार आजोशी, खाजनाच्या कडेला,
उजव्या फुप्फुसाचा वरचा खण काढलेला.
दर तीन महिन्यांनी पहिल्या बसने बांबोळीला येतात,
माझ्या टेबलावर गोळ्यांची बाटली पालथी करतात.
उरलेल्या मी मोजते.
एक जास्त निघाली तर विचारायचं असतं, का.
"गावात लादाईन होती, बाय. राहिली."
मी लिहिते: विसरले.

गोळीत औषध आहे की नुसता खडू,
मला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही.
हे पहिल्या दिवशी समजावलं होतं, मराठीत,
मग कोकणीत, मग कागद उलटा करून चित्र काढून.
ते म्हणाले, म्हणजे तुम्ही आंधळे आणि मीही.
बरं. हात धरून चालूया.
सही केली, शाळेत गिरवल्यासारखी.
मग विचारलं, माझ्यासारख्या शंभरांत
कितीजणांकडे परत येतो हा?
डॉक्टर म्हणाले, तेच तर शोधतोय.

चाळीस वर्षं बांध राखतात बोस्त्यांव.
भरतीला मानशीचं दार आपोआप मिटतं,
ओहोटीला उघडतं. दार फसवत नाही.
"बांध फसवतो. वरून हिरवं गवत,
खाली कुर्लीनं बीळ केलेलं, बोटाएवढं.
पाणी तेवढंच शोधत असतं."
म्हणून रोज तिन्हीसांजेला टॉर्च घेऊन वाकायचं,
चिखलाचा गोळा दाबायचा.
एकदा खारं पाणी आत आलं
की शेत धुवायला तीन वर्षं जातात.
कोरगुट तेवढा तगतो.

पडद्यावर स्कॅनचे काप मी खाली खाली सरकवते.
वाचायचा अधिकार मला नाही. डोळे आहेत.
रकाना विचारतो: आजार परतला? हो / नाही.
आठ वेळा 'नाही'वर खूण केली,
आठही वेळा पेन आधी पदराला पुसलं.

नवव्या भेटीला ते आले नाहीत.
फोन बंद. दुसऱ्या दिवशीही.
शून्य एक दोनचा असाच बंद झाला होता फेब्रुवारीत.
आलेखावर त्याची पायरी झाली नाही,
बारीक उभी रेघ झाली:
इथपर्यंत माहीत होतं.

अकराव्या दिवशी दारात उभे.
नखांत काळा चिखल, गुडघ्याला पट्टी.
अवसेच्या उधाणाला बांध फुटला होता.
बावीस माणसं, तीन रात्री, पेंढा, बांबू, चिखल.
धाप लागली का?
"लागली. सगळ्यांनाच लागली."

तक्त्यात लिहिलं, उशिराचं कारण: बांध फुटला.
तपासणीला आलेल्या हैदराबादच्या बाईंनी विचारलं,
हे वैद्यकीय कारण आहे का?
मी बराच वेळ त्या ओळीकडे पाहिलं.
मग 'इतर'वर खूण केली.

स्कॅनमध्ये डावीकडे एक ठिपका. चार मिलिमीटर.
अहवाल म्हणतो, अनिश्चित; तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे.
रकान्यात मात्र दोनच चौकोन.
डॉक्टर सांगत राहिले, जुना डाग असेल,
खोकल्याचा संसर्ग असेल, घाबरू नका.
बोस्त्यांवनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणली.
एवढं?
त्याहून लहान.
"मग टॉर्च लागेल."

पिशवीतून कोरगुटचे तांदूळ काढून माझ्यापुढे ठेवले,
जुने, उधाणाच्या आधीचे.
नियमाने घेता येत नाहीत.
फाइलींच्या मागे ठेवले, कुठे नोंदवले नाहीत.

नवी बाटली दिली. नव्वद गोळ्या.
ती कानाशी हलवून पाहिली त्यांनी,
पुढची तारीख विचारली,
खिशातल्या घामट पंचांगावर बोट फिरवत थांबले,
म्हणाले, त्या दिवशी भांगाचं पाणी.
येतो.