सहा मिनिटं चालणे

कॉरिडॉरच्या दोन टोकांना दोन नारिंगी शंकू,
मधे तीस मीटर ओली फरशी.
लिसी सिस्टर घड्याळ दाबते, "चला, लावू."
पासपोर्टात लवू आहे. लवू विश्राम तांडेल.
दुरुस्त करायला एक श्वास लागतो,
तो मी वाचवतो.

पहिली फेरी बरी जाते.
दुसरीत पायांचं कळतं:
पँटीत नुसत्या दोन काठ्या.
पोट मात्र पुढे, पाण्याने तट्ट,
खालून छातीला रेटत,
बाकावरचा शेजारी कोपराने सरकवतो तसं.
चौथीत भिंत धरतो.
बोटावरची चिमटी सांगते, सत्त्याऐंशी.
सिस्टर आकड्याकडे बघते.
पाचवी निम्मीच.
कागदावर: एकशे पस्तीस मीटर.

याच मुहर्रकच्या गोदीत सतरा वर्षं
जहाजांच्या तळाची शिंपलं खरवडली मी.
त्याआधी देवबागेत
खडकात अडकलेलं जाळं सोडवायला
बापूस मला पाण्यात सोडायचा
आणि होडीत बसून आकडे मोजायचा.
शंभरपर्यंत कधी घाबरला नाही.

डॉक्टर म्हणतो, फुप्फुसं तशी ठीक आहेत.
बिघडलंय यकृत,
त्यापायी छातीत चोरवाटा उघडल्यात,
रक्त येतं आणि हवा न घेताच पुढे जातं.
हे मला लगेच कळलं.
कॅम्पच्या गेटवरून कार्ड पंच न करता
सटकणारी पोरं.
आत शिरली, पण हजेरी नाही.

शेजारच्या खुर्चीत याकूब.
त्याचा आजा नाकाला चिमटा लावून
मोत्यांसाठी बुडी मारायचा.
हळूच विचारतो, "दारू?"
मी मान हलवतो.
वाडीतही हेच विचारतील.
कंपाउंडरने सगळ्या पोरांना टोचलेली
ती एकच सुई
कुणाच्या लक्षात असणार?

आमच्याकडे कसाई ज्याला काळीज म्हणतो
ते हेच,
आणि आई म्हणायची तेही.
रिपोर्टात त्याच्यापुढे फक्त सेंटिमीटर आहेत.

आडवा झालो की श्वास परत येतो.
बाकीच्यांचं उलट असतं म्हणे,
ते उशा रचून बसतात.
मी सपाट पडतो आणि मग सलग बोलू शकतो,
म्हणून वैजूला फोन रात्री, पडूनच.
तिला यातलं काही ठाऊक नाही.
"काय ओ, सदा लोळलेले.
उठान बसा बघू, तोंड तरी दिसांदे."

उठतो.
खोली कडांकडून काळी होत येते.
मोबाईल सरळ धरतो, हसतो.
ती सांगत राहते, जावयाने होडीला नवं इंजिन घेतलं,
खाडीत यंदा तारली बरी मिळाली,
आणि मी पाण्याखाली
मोजतोय,
एकतीस, बत्तीस,
जाळं अजून सुटत नाही.