तीन पॉइंट नऊ

खडेबाजारातल्या गाळ्यात बोर्ड हातात देताना
महांतेश म्हणाला, "अक्का, स्वस्तातला आहे,
जास्त पळवू नको याला."
मराठीत सांगितलं, मग खात्रीसाठी कन्नडमध्येही.
प्रोसेसर मात्र दांडगा,
जुना, पण कुलूप नसलेला, झेपेल तेवढा वाढवा.
माळ्यावरच्या भाड्याच्या खोलीत
पैलवान उतरावा तसा तो सॉकेटमध्ये बसला.

रात्री दहानंतर सुरू करते.
दिवसा उद्यमबागेतल्या भट्ट्या वीज ओढून घेतात
आणि अनगोळात आमची ट्यूब डोळे मिचकावते.
आता जरा शांत आहे.
निळा पडदा, सगळं इंग्रजीत,
म्हणजे भाषेवरून भांडण नाही.
गुणक चौतीस. पस्तीस करते. छत्तीस.
अडतीसला पंख्याचा सूर वर चढतो.
व्होल्टेजचा शेवटचा आकडा हलवते
श्वास धरून, अर्ध्या केसाएवढा,
बाबा लेथचं चाक फिरवायचे तसा.

हा खटाटोप पंपाच्या बुडासाठी.
ओतलेलं लोखंड साच्यात कुठून निवत जाईल
हे मोजत मशीन चाळीस मिनिटं बसतं
आणि फौंड्रीतले बिर्जे
दर दहा मिनिटांनी फोन करतात, "झालं काय?"

चाळीस.
प्रोसेसर बहात्तर अंशांवर, मजेत.
पण सॉकेटच्या डाव्या अंगाला
त्याला वीज पुरवणारे चार काळे चौकोन,
डोक्यावर साधा पत्राही नसलेले.
एकाला बोट लावलं आणि फुंकर मारत बसले.
खोक्यावर यांचं नाव नव्हतं.
खोक्यावर नेहमी पैलवानाचाच फोटो असतो.

बेचाळीसला पडदा काळा.
पंखे फिरतायत, आत कोणी नाही.
तीनदा बटण दाबलं.
महांतेश फोन उचलेना.
शेवटी स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं
ती चपटी बॅटरी उचकटली, रुपयाएवढी,
आणि पाच मिनिटं मुठीत धरून बसले.

परत लावल्यावर उठलं बिचारं,
सगळं विसरून. गुणक चौतीस.
कोपऱ्यात तारीख:
एक जानेवारी दोन हजार सतरा.

त्या तारखेला बाबांना दहा बोटं होती.
मार्चमध्ये कुठली तरी घाईची ऑर्डर आली.
"थोडं स्पीड वाढवून बघूया की," कुणी तरी म्हणालं.
लेथ जुना, बेड झिजलेला, जॉब थरथरला,
पुढचं आई भाकऱ्या थापताना
जेवढं बोलली तेवढंच मला ठाऊक.

तारीख मी लगेच बदलली नाही.
मशीन तसंच चालू राहू दिलं थोडा वेळ,
त्या सकाळच्या अलीकडे.

"काय करालीस?"
मागे बाबा. झोप नसते त्यांना.
सांगितलं सगळं, भरभर, चोरी सापडल्यासारखं.
त्यांनी प्रोसेसरकडे बघितलंसुद्धा नाही.
"मोटर काय, पळतीच गं. बेड बघायचा असतो."
आणि पाणी पिऊन आत गेले.

सकाळी टेबलावर ॲल्युमिनियमचा तुकडा,
करवतीनं सहा खाचा पाडलेल्या,
कडा कानशीनं घासून गुळगुळीत.
ठेवून बघितला, चारही चौकोनांवर बरोबर.
कधी मोजलं, ते विचारलं नाही मी.

आता एकोणचाळीसवर आहे. तीन पॉइंट नऊ.
तासभर पूर्ण भार टाकला, पडलं नाही.
चाळीसला जातं, पण दुपारी अडखळतं,
म्हणून एक पायरी खाली.
दर साच्यामागे पाच मिनिटं वाचतात.
बिर्जे अजून दहा मिनिटांनीच विचारतात.

तारीख हातानं भरली, आजची.
बाबा दारातून जाता जाता थांबले,
मान तिरकी करून ऐकलं.
"उजवीकडच्या पंख्याचं बेअरिंग जायला आलंय," म्हणाले,
"बघून घे."