एक अंश

कुपवाडच्या शेडमध्ये, रात्रपाळीला,
माझं पहिलं झाकण साच्यातून सुटेना.
स्क्रीनवर भिंती ओळंब्यात सरळ;
मला त्याचाच अभिमान.

दस्तगीरचाचांनी पितळी सळईनं
ते उपटून काढलं, अंगभर ओरखडे.
"एक अंश कल दे, पोरी.
आणि इथं एवढं जाड कशाला?
जाड ते उशिरा निवतं,
निवताना आत खचतं."

भिंत दीड मिलिमीटर केली. आतून बरगड्या.
आठवड्यानं साचा परत चढला.
पिनांनी जरासं ढकललं: टप्.
हळदीच्या डब्याचं झाकण, ट्रेमध्ये, कोमट.
चाचा काही बोलले नाहीत,
पुडीतली तंबाखू मळत राहिले.

सकाळी सूतगिरणी चौकात चहा.
टपरीवाला विसळलेले ग्लास
एकात एक घालत होता,
एकेक उचलत होता.
मी आडवा धरून पाहिला माझा:
तळाशी निमुळता.