अर्जनविसाची जबानी

चौकशीच्या साहेबानं बस म्हटलं नाही.
कारणं सांग म्हणाला,
एकेक, ओळीनं.

मी गोलोक सोम. बराकपूरच्या घाटावर
वडाखाली अर्ज लिहितो, फारसीत.
कागद ज्याचा त्यानं आणायचा.

हुजूर, कारण म्हणजे एक बैल.
चाटगावकडच्या लढाईनं
चांगली जनावरं आधीच ओढून नेली होती,
उरली ती हाडकं आणि शेपट्या.
त्यांचंही भाडं शिपायाचा
दोन महिन्यांचा पगार गिळायचं.

शिपायाला बैल कशाला, साहेबानं विचारलं.
त्याचं स्वतःचं सामान सतरा बैलांवरून आलं होतं,
हे मी बोललो नाही.

भीखम पाठकची कढई, तवा, पितळी लोटा,
जो दुसऱ्या कुणाच्या सामानात मिसळायचा नाही.
जाड वाकळ, कारण पलीकडच्या रात्री ओल्या असतात म्हणे.
साठ काडतुसं. बंदूक.
मथुरेपासून चालत आलेले पाय.
आणि पाठीवर सरकारी पडशी,
जिचे पट्टे तीन पावसाळ्यांपूर्वीच कुजले.
नवी हवी तर पगारातून कापू, असा हुकूम.

पाठीवर मारा, पोटावर मारू नका म्हणतात.
इथे पाठीतूनच वाट काढून
मार पोटापर्यंत आला होता.

जहाजाचीही गोष्ट होती.
चालत नेतो म्हणतील
आणि नदीच्या मुखाशी जहाजात कोंबतील.
मग गावी परतल्यावर पंगतीत
बापाशेजारी पाट मांडला जाणार नाही.
खरं की खोटं? हुजूर,
ज्याला कुणीच काही सांगत नाही
त्याला अफवा हाच खलिता.

हे सगळं त्यांनी मला रात्री सांगितलं,
पणतीपाशी, अकरा जण, एकदम बोलत.
झुम्मन खाँ तेवढा तंबाखू मळत गप्प.
शेवटी म्हणाला, लिही,
आम्ही जाणार नाही.

ते मी लिहिलं नाही.
मी लिहिलं, 'गरिबांची पाठ
हुजुरांच्या नजरेपुढे ठेवीत आहोत.'
फारसीत ते फार देखणं दिसतं.
तीस वर्षं हेच करत आलो.
माणूस ओरडत येतो,
मी त्याला वाकवून कागदावर बसवतो.

उत्तर पहाटे आलं,
परेडच्या मैदानामागून, तोफांच्या तोंडानं.
पळाले ते हुगळीत शिरले.
समुद्राला नाही म्हणालेली माणसं
गंगेनंच ठेवून घेतली.

पडलेल्या बंदुका गोळा झाल्या,
मोजणीला मला बसवलं.
एकेका नळीत गज घालून पाहिला.
मी पाहिल्या त्यांतली एकही भरलेली नव्हती.
हेही मी खाली टीप म्हणून लिहून ठेवलं.
टिपा कोण वाचतं.

दुपारनंतर बैलगाड्या आल्या, तेवीस,
प्रेतं हलवायला.
धष्टपुष्ट जोड्या, शिंगांना तेल लावलेलं.
कुठून आल्या कोण जाणे.
भाड्याचं कुणी काढलं नाही.

हे कारणांत धरायचं का, हुजूर?
साहेब म्हणाला, कारणं आधीची असतात.

सही केली. वडाखाली परत आलो.
भीखमचा लोटा माझ्या चटईवर आहे.
लिहिणावळीतले तीन पैसे राहिले होते,
नको म्हणत असता ठेवून गेला,
येऊन सोडवतो म्हणाला.
मी दोरी बांधून तो वडाच्या फांदीला टांगलाय,
माझ्या कशात मिसळू नये म्हणून.
पाऊस पडला की आपोआप भरतो.
त्यातलं पाणी मी पीत नाही.

आज एक म्हातारी आली. गाय कुणी नेली, त्याचा अर्ज.
जसं बोलते तस्संच लिही, म्हणाली,
आणि बोलायला लागली, शिव्यांसकट.
मी बोरू टोकला, दौतीत बुडवला.
तिचं पहिलं वाक्य संपायच्या आत
हातानं सवयीनं लिहून टाकलं,
गरीबपरवर, सलामत.