एक सूर खाली

रात्री साडेनऊला हॅस्कमचा फोन आला:
बाईंना एक सूर खाली हवंय.
सगळंच?
सगळं नाही, सहा गाणी. उद्या दहाला रेकॉर्डिंग.

सहा गाणी म्हणजे
चोवीस तंतुवाद्यं, चार हॉर्न, दोन बासऱ्या, हार्प,
म्हणजे शिकागोच्या जानेवारीतली एक अख्खी रात्र,
दोन बाटल्या शाई,
आणि टीपकागद घेऊन ओली पानं टिपणारी
माझी बायको रेनाटा.

मी नकलनवीस.
एकाने योजलेले सूर दुसऱ्याला वाजवता यावेत
म्हणून वळणदार लिहिणारा.
प्रेमाची गाणी हजारभर उतरवली असतील,
शब्द मात्र कधीच नाहीत.
शब्द गाणाऱ्याच्या पानावर.
आमच्या पानावर एवढंच, की कुठे यायचं
आणि किती मात्रा गप्प बसायचं.
त्यावरून ओळखायचं
कुणी कुणाला सोडलं ते.

व्हायोलिनला एक शेवटचा सूर असतो,
त्याच्या खाली नुसतं लाकूड.
पाचवं गाणं एक सूर उतरलं
आणि व्हायोलिनं थेट त्या लाकडावर येऊन थडकली.
पहाटे तीनला ती ओळ उचलून
मी व्हायोलांच्या ओटीत घातली,
आईविना मूल शेजारणीकडे द्यावं तशी.
पान टिपताना रेनाटाने विचारलं,
काही राहिलं नाही ना?
म्हटलं, नाही.

स्टुडिओतली वाफेची नळी ठणठण वाजते,
म्हणून गाणं चालू असताना हीटर बंद.
ओव्हरकोट घातलेली माणसं,
बोटं काखेत.
व्हर्नेल टिब्स आल्या. वय छप्पन्न.
गळ्यावर शस्त्रक्रियेची रेघ
आणि ती झाकायला घातलेली मोत्यांची माळ,
नेमकी रेघेच्या बोटभर खाली.

तरुणपणी त्या ड्रमच्याही पुढे धावायच्या,
शब्दाच्या लाह्या करून उधळायच्या.
आता एकेका शब्दापाशी उभ्या राहतात,
परक्या घरातल्या भिंतीवर
आपण अंधारात दिव्याचं बटण चाचपतो तशा.
सापडलं की लगेच दाबत नाहीत.

पाचवं गाणं.
'थांब' या शब्दाखाली व्हायोलांचा सूर लागला
आणि माझ्या पोटात खड्डा पडला.
कोमलची खूण राहिली होती.
माझ्याच हाताने.
सहा व्हायोला एकदिलाने
कोमलच्या जागी शुद्ध वाजवत होत्या,
लग्नघरात चुकून दुसऱ्याच कुणाचं नाव घ्यावं तसा
लख्ख, निःशंक सूर.

बाई थांबल्या नाहीत.
मान जराशी कलली,
खिडकीखालून हाक आल्यासारखी,
आणि तो 'थांब' त्यांनी अर्धी मात्रा लांबवला,
चुकलेल्या सुराला घर सापडेपर्यंत.

हॅस्कमने काचेवर टकटक केली. पुन्हा घेऊ.
त्यांनी पाणी प्यायलं.
कुणी लिहिलंय हे?
मी हार्पमागे, शाईची बोटं खिशात.
'मिस्टर ओल्शेव्स्की,' त्या म्हणाल्या,
नाव नीट उच्चारलं,
माझ्या जावयाला अजून जमत नाही,
'रात्री झोपला नाहीत ना?'
नाही.
'ऐकू येतंय.
राहू दे तो सूर, हॅस्कम.
या गाण्यातली बाईसुद्धा झोपलेली नाही.'

कव्हरवर त्या आहेत, धुकं आहे,
आणि कुठल्याच गाण्यात नसलेला एक पूल.
मागे बारीक अक्षरांत हॅस्कम, इंजिनिअर,
गाऊन शिवणारं दुकानसुद्धा.
मी नाही. नकलनवीस कधीच नसतो,
त्याचं वाईट वाटून घ्यायचं नसतं.

रेनाटा जाऊन आता नऊ वर्षं.
तबकडी रात्रीच लावतो, आवाज बारीक,
शेजारी झोपलेले असतात.
पाचव्या गाण्याआधीची ती चरचर ऐकताना
अजूनही टेबलाच्या पलीकडे बघतो,
हे पान वाळलं का ते.