बारा आण्याचा मसाला

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी नोटा तपासल्या.
शाई फुटली का, नंबर सरळ बसला का, एवढंच बघायचं.
सुटताना गेटवर झडती, दोन्ही हात वर,
आणि मग स्वतःच्या खिशातल्या सात रुपयांची
बिटकोपाशी भजी.

पैसा म्हणजे कागद, हे मला लोकांच्या आधी कळलं,
असं मी हेमलताला सांगतो.
ती म्हणते, मग कागदच जाळा की सरळ,
आवाज तरी होणार नाही.

बंदूक केरसास्प बिलिमोरियांची, देवळाली कॅम्पातली.
मार्टिनी-हेन्री. खालचा खटका ओढला
की जबडा उघडते, एक काडतूस गिळते,
एकच.
म्हातारे गेले. मुलगा कॅनडात,
त्याला भिंत रिकामी हवी होती.
चाळीस हजारांत सुटली. स्वस्त पडली म्हणालो मी,
चार आण्याची कोंबडी.

मसाल्याचं तेव्हा माहीत नव्हतं.
परवान्याला चौदा महिने, तीन टेबलं, एक साहेब बदलून गेला.
आणि काडतूस? बंदूकवाला चष्मा कपाळावर चढवून हसला,
काका, हे माप माझ्या आजोबांनीही विकलं नसेल.

मग सातपूरला निवृत्ती गांगुर्डे.
लेथवर एरवी पंपाचे बुश काढतो.
पितळेचा दांडा हातात तोलून म्हणाला, बघू.
पहिली नऊ वाया. दोन चिरली, तीन अडकली,
चार त्याच्या पोरीनं
उदबत्त्या खोचायला नेली.
दहावं बसलं. खट्.
मी डोळे मिटून घेतले.
त्या खट्चे चारशे ऐंशी रुपये.

शिसं भद्रकालीतल्या भंगारातून,
दारू मोजून मिळते, केशर घेतात तशी.
रेंजची फी, रिक्षा, नळी धुवायला उकळतं पाणी,
त्याचाही गॅस मी धरतो.
एक बार : अकराशे चाळीस.
वर्षाला आठ, फार तर नऊ.
बाकीचे दिवस नुसती पुसतो.

निवडणूक लागली की ती ठाण्यात जमा.
हवालदार विचारतो, चालू की बंद?
चालू, पण परवडत नाही,
असा रकाना त्याच्याकडे नाही.

इकडे तोफखान्याचा सराव सुरू झाला
की आमच्या खिडकीच्या काचा थरथरतात.
सकाळपासून दुपारपर्यंत, धडाम, धडाम.
मी चहा घेत मनात गुणाकार करत बसतो,
आणि मला जरा बरं वाटतं.

मार्चमध्ये हेमलता म्हणाली, मी येते.
भगूरच्या पुढची रेंज, समोर उन्हानं पिवळी पडलेली टेकडी.
तिनं चप्पल काढून ठेवली, का ते विचारलं नाही.
दस्ता खांद्याला घट्ट लाव म्हटलं,
तेवढं मात्र ऐकलं नाही.

धूर इतका, की लक्ष्य, टेकडी, ती,
काहीच दिसेना.
सडक्या अंड्याचा वास, आणि त्या पांढऱ्यातून
तिचा आवाज : ते कुठं पडलं?
वाकली, गवतात चाचपली,
गरम पुंगळी पदरात धरून उभी राहिली.
हे परत भरता येतं?
पाच-सहा वेळा येतं.
मग तसं लिहायला नको का!

रात्री माझी वही तिनं ओढून घेतली.
चारशे ऐंशी भागिले सहा, ऐंशी.
एकतीस वर्षं मी नंबर तपासले,
भागाकार कधी सुचला नाही.
अकराशे चाळीसवर तिनं काट मारली,
शेजारी पेन्सिलीनं सातशे चाळीस,
आणि खाली, दुखऱ्या हातानं, थोडं तिरकं :
नेम उजवीकडे गेला.
पुन्हा बघावं लागेल.